निर्माल्याचा उतार

श्रुतिका पडली ती फुलांत पडली, असं कुणाला सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. पण ती फुलं कसली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि नाकाने सोसलं.

दिंडोशीला आमच्या वसाहतीमागे टेकडी आहे, टेकडीवर दत्ताचं मंदिर. मंदिराच्या पाठीमागून एक कोरडी घळ दगडधोंड्यांतून थेट आमच्या मागच्या भिंतीशी येऊन पोचते. माझी ही भाची पवईला नोकरी करते आणि रविवारी सकाळी त्या घळीतून सायकल खाली घालते. सायकल म्हणजे दूधवाल्याची नव्हे. जाड टायरांची, दगडांवरून उड्या मारत डोंगर उतरायची. त्या रविवारी मी पहिल्या वळणावर मोबाईल धरून उभा होतो, तिचा व्हिडिओ काढायला. तेवढ्यात मला दिसलं, की वळणाच्या पुढे दोन झाडांमध्ये निळी नायलॉनची दोरी ताणून बांधलीय. बरोबर तिच्या गळ्याच्या उंचीवर.

मी ओरडेपर्यंत ती वळणावर आलीच. तिने दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक हवेत उठलं, सायकल दोरीच्या अलीकडे थांबली आणि श्रुतिका बाजूच्या ढिगात उताणी गेली.

"मामा, काही झालं नाही!" ती आतून म्हणाली. आतून म्हणजे पिशव्यांच्या आतून.

निर्माल्याच्या पिशव्या. गाठी मारलेल्या, फुगलेल्या, काही तिच्या वजनाने फुटलेल्या. झेंडू काळा पडून त्याचा चिखल झाला होता. नासलेल्या नारळाचं पाणी तिच्या बाहीवरून ओघळत होतं. प्रसादाच्या द्रोणाला चिकटलेला शिरा हलत होता. नीट पाहिलं तर तो शिरा नव्हता, अळ्या होत्या. एक कुजका हार तिच्या हेल्मेटला अडकून गालावर लोंबत होता. ती उठली, चार पावलं बाजूला गेली आणि ओकली. देवाच्या नावाने ओकारी यावी, ह्याच्यासारखी शरमेची गोष्ट नाही.

ती वाचली ती सायकलीमुळे. ती घेताना दुकानदार तिच्या गळ्यात दुसरीच मारत होता. लाल-काळी, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, दिसायला झकास. श्रुतिकाने सीटवर हात ठेवून दाब दिला, तशी ती खाटेसारखी करकरली. "हे मागचं शोभेचं आहे मामा, पहिल्या दगडाला वाट लागेल," असं म्हणून तिने ही साधी करडी निवडली. धक्का खाणारी स्प्रिंग फक्त पुढे, पण खरी. उतारावर सीट खाली दाबता येते. आणि तेलावर चालणारे डिस्क ब्रेक, एका बोटाने थांबणारे. तेव्हा मला ते सगळे लाड वाटले होते.

आम्ही वर गेलो. दत्ताराम नाना ओसरीवर वाती वळत बसले होते. नाना मिलमधून सुटल्यापासून मंदिर तेच बघतात. पूजा, झाडलोट, सगळं.

"ती दोरी कुणी बांधली?" मी विचारलं.

"मियाच," नाना शांतपणे म्हणाले. "देवाच्या फुलांवरसून चाकां फिरवतात तुमी. पाप आसा ता."

"नाना, गळा कापला असता माझा," श्रुतिका म्हणाली.

"म्हणानच सांगतंय गो, थंय जाव नको. रस्ते काय कमी आसत?"

"पुढच्या रविवारी माझी स्पर्धा आहे, आयुष्यातली पहिली. उताराचा सराव कुठे करू, हायवेवर? सगळ्या दिंडोशीत हा एकच उतार आहे."

"आज कीर्तान झाल्यार मंडळाची बैठक आसा. थंय भिंत घालूचा ठरतला." नानांनी मग तिच्याकडे नीट पाहिलं, नाक आक्रसलं. "आणि आंघोळ करून ये. देवळात अशी येतत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी घाण केली त्यांनीच नाक मुरडायचं! श्रुतिका मात्र घळीकडे चालू लागली.

दुपारी चारला चंद्रप्रकाश बुवांचं कीर्तन होतं. मी झांजेला होतो. बुवा एकेक शब्द असा लांबवतात, की ऐकणाऱ्याचा श्वास त्यांच्या मुठीत राहतो, आणि मग अलगद सोडून देतात. एरवी त्या क्षणी माझे डोळे भरतात. त्या दिवशी झांज तोंडाजवळ आली की बोटांना तोच वास. तिच्या हेल्मेटवरचा हार मीच सोडवला होता; नंतर तीनदा साबण लावला होता. आख्यानात बुवांनी गंगा आणली, चंदन आणलं, आणि मला दिसत राहिल्या त्या अळ्या.

आरती झाली. मंडळाची माणसं सतरंजीवर बसली. शीतलवहिनी, मंडळाच्या सेक्रेटरी, "भिंतीचा विषय" म्हणतात न म्हणतात तोच श्रुतिका आत आली. धुतलेला कुर्ता, ओले केस, आणि हातात घळीतली एक पिशवी, गाठ शाबूत असलेली. ती तिने नानांच्या समोर ठेवली.

वहिनींचा पदर नाकाला गेला. "ईऽ, काय आहे गं ते?"

"निर्माल्य. देवाचं आहे ना, मग पदर कशाला?"

"वर कित्या आणलंस?" नाना ताडकन उठले. "गाठ सोडू नको हां! एकदा बांधला की सोडूचा नाय."

आमच्या देवळाची ही रीतच पडली आहे. वसाहतीतले लोक घरच्या पूजेचं निर्माल्य बांधून मंदिराच्या फाटकाशी ठेवतात. नाना त्या पिशव्या अनवाणी, नामस्मरण करत घळीशी नेतात आणि खाली सोडतात. का, तर तिथे कुणाचा पाय पडत नाही. देवाचं एकदा बांधलेलं उघडायचं नाही, म्हणून आत कुणी बघत नाही.

"नाना," श्रुतिका खाली बसली, "रोज सकाळी देवावरचं कालचं फूल काढता, तेव्हा काय करता?"

"हुंगतंय. हुंगान मगे विसर्जन."

"मग हे न हुंगता कसं टाकलंत?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. नानांनी बुवांकडे पाहिलं. बुवा उपरण्याची घडी करत होते.

"पोरीचं बरोबर आहे, नाना," बुवा म्हणाले. "हुंगल्याशिवाय विसर्जन नाही." आणि एवढं बोलून बुवा लगबगीने खिडकीशी जाऊन उभे राहिले.

नाना पिशवीसमोर बसले. आधी तिला हात जोडले. मग गाठ सोडली, ओंजळ आत घातली, वर काढली आणि रोजच्यासारखे डोळे मिटून नाकाशी नेली.

वर दोन-चार झेंडू होते. खाली कोंबडीची हाडं, फणीतून निघालेल्या केसांचा गुंता आणि गुंडाळलेला एक डायपर.

नानांनी डोळे उघडले. ओंजळ तशीच हवेत राहिली.

"ह्या कोणाचा?"

सगळ्यांना एकदम सतरंजीची नक्षी दिसायला लागली.

"कचऱ्याची गाडी लवकर येऊन जाते, नाना," शेवटी शीतलवहिनी पुटपुटल्या. "चुकली की मग... बाई ठेवते फाटकाशी. वर दोन फुलं टाकून."

"तुमची बाई?"

"सगळ्यांच्याच."

"मी अनवाणी गेलंय गो," नाना म्हणाले. "एकादशीक डोक्यार घेवन गेलंय. नाव घेत."

मी इतकी वर्षं ह्या माणसांच्या शेजारी बसून टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले. त्या क्षणी मला त्यांच्या सतरंजीवर बसवेना. मी उठून कठड्याशी गेलो.

नाना नळावर गेले. आधी साबण, मग राख, मग पुन्हा साबण. कोपरापर्यंत घासत होते. शीतलवहिनी म्हणाल्या, "मग भिंतीचं काय करायचं?" नानांनी मान वर केली नाही. "भिंत घालून काय लपवतलास?" एवढंच म्हणाले. बैठक तिथेच संपली. प्रसाद बराचसा उरला.

मग नाना नारळ फोडायचा कोयता घेऊन मागे गेले. श्रुतिका आणि मी मागोमाग. उजेड अजून थोडा होता. त्यांनी एका झाडाशी दोरी कापली, मग दुसऱ्याशी. "घाल तुझी सायकल," ते श्रुतिकाला म्हणाले. "पण सावकाश गो. दगड सुटे आसत."

"हो नाना."

आणि बोलता बोलता त्यांनी दोरीचा गुंडाळा केला आणि सवयीने खाली घळीत भिरकावला.

तो पिशव्यांवर पडल्याचा आवाज आला. नाना स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. श्रुतिकाने कुर्त्याच्या बाह्या वर केल्या आणि ती दोरी आणायला उतारावरून चालत खाली निघाली.