पांढरा पट्टा

नेच्याच्या कुंडीतल्या मातीतून वर आलेलं ते बारीक मुटकुळं – लवेचं, आपल्यातच गुंडाळलेलं – कालपेक्षा सैल झालं होतं, आणि गीताबाईंनी वाकून पाहिलं तर आतली घडी हिरवी होती. हेही हिरवंच. मधोमध पांढरा पट्टा असलेली जुनी पानं कडेला जेमतेम उरली होती आणि ही नवी, दांडगी, त्यांच्या डोक्यावर चढून बसलेली... तरी सगळं केलं. तुळशीपाठोपाठ रोज याला पाणी. उन्हात करपलं म्हणून देवघराजवळ आणलं, तर सावलीत पांढरं नाहीसं व्हायला लागलं. आता खिडकीत. याला हवंय तरी काय?

"कवतिक बघा," दारातून जाऊबाई बाईजा म्हणाल्या. "उंबरमाळीच्या उतारावर ह्यो नेचा गुरांनी तोंडात धरला नाय कदी, आन तू त्याला चमच्यानं पाजतेस."

"माधुरीचा आहे."

"मंग सुनेनं फोनवर सांगितलं ते कर. हिरवी काप, नायतर पांढरं जाईल. इळा आन, मी कापते. नेम तुजा हाय, माजा नाय."

"मी तुमच्याकडून कापून घेतलं, म्हणजे मीच कापलं की."

"देवाला पन पळवाट ठेवत नाय गो तू," म्हणत बाईजा हसत निघून गेल्या.

चातुर्मासात हिरवं तोडायचं नाही. पूजेलासुद्धा झाडाखाली पडलेलीच फुलं. दोन चातुर्मासांचा नेम, हा दुसरा... आणि हा नेम कशासाठी, ते उद्यापनाआधी कुणाला सांगायचं नसतं, हे त्या आपल्या आईकडून शिकल्या होत्या. मागच्या आषाढात माधुरीला दिवस गेलेले, डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. एकादशीला देवापुढे हात जोडून त्या मनात बोलल्या होत्या – हिचं नीट सुटू दे, दोन चातुर्मास मी हिरव्या पानाला हात लावणार नाही. आणि त्याच आठवड्यात माधुरी म्हणाली, "आई, टाकळ्याची भाजी खावीशी वाटते." टाकळा परसात गुडघ्याएवढा. मी नाही म्हटलं नव्हतं. मी फक्त उठले नव्हते. पोट सांभाळत तीच गेली, वाकून वाकून खुडून आणला, शिजवला, माझ्याही पानात वाढला. बोलली काहीच नाही. बोलली असती तर... बाळ सुखरूप झालं, मग ठाण्याला बिऱ्हाड, आणि जाताना ही कुंडी पुढे केली – "तिथे गॅलरी नाही. तुम्हाला जमेल ना, आई?" त्या 'जमेल ना'त परसातला टाकळा होता की नव्हता, हे गीताबाई रोज पाणी घालताना ऐकून पाहत.

गौरी-गणपतीला माधुरी येणार. तोवर हे साधं हिरवं झुडूप होईल, आणि ती बघेल, आणि पुन्हा काही बोलणार नाही.

फोन वाजला. मघाशी पाठवलेल्या फोटोवर माधुरीचं उत्तर होतं. 'आई, हिरवी अजून कापली नाहीत? काही अडचण आहे का?'

गीताबाई खुर्चीत बसल्या. वर्षभर त्यांना हेच हवं होतं, तिने एकदा विचारावं – का नाही. उत्तर तर केव्हाचं तयार होतं, टाकळ्याच्या दिवसापासून, माळ ओढताना मध्येच घोळवलेलं, घासून गुळगुळीत झालेलं. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'तुझ्यासाठीच केलं होतं गं सगळं.' मग वाचलं. पुन्हा वाचलं. अक्षरं मवाळ होती, आणि तरी त्यात कुणीतरी दारात हात पसरून उभं होतं... देवाला दिलेलं मी हिच्याकडे मागतेय? की पहिल्यापासूनच तिच्याकडेच मागत होते, देवाचं नुसतं नाव? त्यांनी ते पुसलं. उद्यापन झालेलं नाही म्हणून पुसलं, असं स्वतःला सांगून पाहिलं; पटेना. इतके दिवस राग सुनेवर होता, मग या झाडावर, आणि आता तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं – हातात धरून बसल्यासारख्या त्या बसून राहिल्या, आणि फोनवरची रिकामी चौकट एक लुकलुकती रेघ घेऊन वाट पाहत होती.