तिसरी टीप

आमच्या धाकट्याला भांडता येत नाही. माझ्या पोटी जन्मून! भिंतीला मला पांढरा रंग हवा होता, सूनबाईला निळा. तर हा दोन्ही कालवून आजारी माणसाच्या नखांसारखा रंग फासून मोकळा झाला. वर म्हणतो, "कॉम्प्रोमाइज, आई." मोबाईलवरही उठसूट तोच शब्द इंग्रजीत धाडतो. अक्षरं मला पाठ झाली. अर्थ मी आपला धरून ठेवला होता: तंटा मिटला.

आमचं शिवणकाम कपड्यांचं नव्हे. उंच इमारतींना बाहेरून लटकून रंग देतात ना, त्यांचे कमरपट्टे आम्ही शिवतो. जाड पट्टी, लोखंडी कडी आणि कडीपाशी तीन टिपा. तिसरी घालताना सुई कुरकुरते, खांदा भरून येतो. पण तिसरी म्हणजे तिसरी.

गेल्या आठवड्यात माझा डोळा सुजला, म्हणून मशीनवर धाकटा बसला. त्यात ठेकेदाराचा धोशा, दोन दिवसांत पट्टे द्या. चार लागतील, असं मी ठणकावलं होतं. तरी दोन दिवसांत सगळे तयार! वाटलं, पोरगं हाताखाली आलं एकदाचं.

तपासणीहून खोकं परत आलं, वर इंग्रजी चिठ्ठी. चष्मा लावून अक्षर अक्षर जुळवलं, तर तोच शब्द! शेवटी एक अक्षर जास्त होतं. म्हटलं, एका अक्षरासाठी कशाला अडून बसा. तपासनिसाचं आणि आपलं जमलेलं दिसतंय. पट्टे तयार मालाच्या खुंटीवर टांगले.

सकाळी ठेकेदाराकडचा रंगारी आला. एक पट्टा कमरेला आवळून बघू लागला. तेवढ्यात सूनबाईने चिठ्ठी वाचली.

"काढा तो पट्टा! आधी काढा!"

"अगं, मिटलंय ते," मी म्हटलं.

"आई, माणसांनी केलं तर मिटतं. वस्तूबद्दल 'कॉम्प्रोमाइज्ड' लिहिलं तर ती वस्तू कमकुवत झाली. भार पेलायचा नाही हा."

मी कडी उलटी केली. दोनच टिपा.

धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "त्याला दोन दिवसांत हवे होते, तू चार म्हणत होतीस. म्हटलं, एक टीप कमी केली तर..."

"मग मावशी, मी कुठल्या मजल्यावरून पडायचं ठरलं होतं?" रंगारी म्हणाला. "मधल्या?"

हसला तो, पण बक्कल काही त्याला सुटेना. मीच पुढे होऊन सोडलं. मग धाकट्याकडे वळले.

"खुंटीवर मी टांगले, तो गाढवपणा माझा. उसवेनही मीच. पण तू दुष्ट नाहीस रे, भित्रा आहेस. ठेकेदाराच्या ओरडण्याला भ्यालास आणि हा पडताना ओरडला असता ते तुझ्या कानात आलं नाही. आत्ता याच्यासोबत ठेकेदाराकडे जा, काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. आणि पुन्हा कडीला हात लावायचा नाही. बटणं लाव कुणाच्या सदऱ्याला, जा."