शेवटचा सराव पेपर

तिने घंटेचं बटण दाबलं आणि म्हटलं, "पेनं खाली." वडिलांचा दरारा तिच्या आवाजात नव्हता, तरी मुलांनी निमूटपणे पेनं ठेवली. घरीच शिकवणी घेणाऱ्या वडिलांना जाऊन महिनाही झाला नव्हता. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेआधीचा हा शेवटचा सराव पेपर ते छापून ठेवून गेले होते. तेवढा पार पडावा म्हणून ती आली होती. रोज इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासणारे तिचे हात आज उत्तरपत्रिका गोळा करत होते.

मुलं खिदळत ओसरीवर गेली.

"मला वाटलं, आज सालपटं निघणार! हा तर हातचा मळ निघाला."

मदतीला आलेला डॉक्टर गालातल्या गालात हसला. तो वडिलांचा जुना विद्यार्थी, तिच्याच वर्गातला. जाड भिंगांमुळे तेव्हा सगळे त्याला ढापण्या म्हणत.

"सरांची युक्ती," तो हळूच म्हणाला. "वर्षभर रगडून घ्यायचे आणि शेवटचा पेपर मुद्दाम सोपा काढायचे. पोरांनी छाती पुढे काढून परीक्षेला जावं म्हणून. तुला तर घरात माहीतच असणार."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. आपल्या वेळचा आठवत नाही? माझ्यासारखा ढसुद्धा शीळ घालत बाहेर आला होता."

"मी नव्हते त्या दिवशी. तापाने फणफणले होते."

ताप उतरल्यावर तो पेपर तिने याच खोलीत एकटीने दिला होता. पहिल्याच पानावर घाम फुटला. जिथे जिथे ती अडखळायची नेमके तेच प्रश्न, एकामागून एक. जणू कुणी तिच्या डोक्यात शिरून ते वेचून आणले होते. वडिलांनी गुण सांगितले, चष्मा पुसला. "बघ बाई, मी काही बोलणार नाही," एवढंच म्हणाले. तिने डॉक्टर व्हायचा नाद सोडला, परीक्षेला बसलीच नाही. घराजवळच्या कॉलेजात नाव घातलं. पुढे कधी कुणी तिला हुशार म्हटलं, की ती ओशाळून विषय बदलायची.

हातातला गठ्ठा बाकावर ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. आई मटार सोलत बसली होती.

"आई, तापानंतर मी जो पेपर दिला, तो बाबांनी वेगळा काढला होता?"

आईचा अंगठा शेंगेवरच थांबला. कुठला पेपर, असं तिने विचारलं नाही.

"मी तेव्हा अंथरुणाला खिळलेली," ती म्हणाली. "ते म्हणायचे, ही लांब गेली तर माझ्या एकट्याच्याने निभायचं नाही."

"मग मला थांब म्हणायचं."

"मी म्हटलं होतं त्यांना. तर म्हणाले, सांगितलं तर थांबेल गं ती. पण मग जन्मभर तिच्या तोंडाकडे बघायची चोरी."

बाहेर मुलं कशावरून तरी जोरात हसली.

"मी थांबले असते, आई. आनंदाने थांबले असते."

"ते त्यांनाही ठाऊक होतं."

आईने शेंग सोलली. दाणे भांड्यात पडले, एक खाली घरंगळला. दोघींपैकी कुणीच तो उचलला नाही.

"अगं, ये ना!" डॉक्टरने बाहेरून हाक मारली. "पोरांना पुन्हा बसवलंय. सरांबद्दल दोन शब्द बोल."

ती फळ्यापुढे जाऊन उभी राहिली. समोर सगळे चेहरे उजळलेले.

"आजचा पेपर सोपा होता," ती म्हणाली. "सरांनी तो मुद्दाम तसा काढला होता. तुम्ही निर्धास्तपणे जावं, असं त्यांना वाटत होतं."

डॉक्टरने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीचे डोळे भरून आले.

"सर किती चांगले होते ना, ताई?"

सगळे तिच्या उत्तराची वाट पाहत होते. डॉक्टरसुद्धा.

"परीक्षेला वेळेवर निघा," ती म्हणाली.