माझ्या हातावरचे सोळा किलो

मित्रांनो, मी एक जुना सायकल रॅक आहे, आणि मी रागावलेलो आहे. तीन वर्षं झाली तरी राग उतरत नाही. तुम्ही मध्ये न बोलता ऐकून घ्याल, म्हणून सांगतो.

काही मोटारींच्या मागच्या बंपरखाली एक चौकोनी, पोकळ नळी असते. तिला हिच म्हणतात. माझा लोखंडी पाय त्या नळीत जातो. त्यातून आडवी खीळ घातली की मी घट्ट उभा राहतो आणि दोन हात मागे पसरतो. सायकलीची मधली आडवी दांडी या हातांवर ठेवायची, रबरी पट्टे आवळायचे आणि निघायचं. कारखान्यातून निघताना एका बाईंनी माझ्या उजव्या हातावर पिवळी पट्टी चिकटवली होती. 'एका सायकलीचे वजन सोळा किलोपर्यंत.' मला बोलता येत नाही. माझं म्हणणं तेवढंच होतं, आणि ते तिथे लिहिलेलं होतं.

दुकानात मला निवडायला माझे आताचे मालक, भाऊ, आले. सोबत त्यांच्या थोरल्या ताई होत्या. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पाय उंच उचलता येईना, म्हणून त्यांनी मधली दांडी खाली वाकलेली, बॅटरीवर चालणारी सायकल घेतली होती. आठ महिने खिडकीशी बसून काढल्यावर येत्या रविवारी त्या मैत्रिणींबरोबर तळ्याकाठी सायकल चालवणार होत्या. रॅक हवा होता तो त्यासाठी.

"सायकल कशी आहे? दांडी आडवी की वाकलेली?" दुकानदार बाईंनी विचारलं.

"सायकल म्हणजे सायकल हो! दोन चाकं आणि एक घंटा," भाऊ म्हणाले.

"वाकलेली आहे," ताई म्हणाल्या. "आणि वजन चोवीस किलो. मी काट्यावर ठेवून..."

"ताई, तू बस गं खुर्चीवर. गुडघा दुखेल उगाच."

बाईंनी माझ्या शेजारचा रुंद रॅक पुढे ओढला. त्यात सायकलीची चाकंच खालच्या पन्हाळीत उभी राहतात, दांडी कशीही असली तरी बिघडत नाही. "जड सायकलीला हा घ्या," त्या म्हणाल्या.

"हा? गाडीला खाट बांधल्यासारखं दिसेल!" भाऊंनी मला थोपटलं. "हा बघा, कसा छत्रीसारखा मिटतो."

कौतुक कोणाला नको असतं? पण मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, सायकल ज्यांची आहे त्या तिकडे खुर्चीवर बसल्या आहेत, त्यांना विचारा!

घरी आल्यावर भाऊंनी माझी पिवळी पट्टी नखाने खरवडून काढली. का, तर म्हणे शोभा जाते.

रविवार उजाडला. वाकलेली दांडी माझ्या हातांवर बसेना. भाऊंनी सायकल तिरकी केली, माझा एक हात सीटखाली आणि दुसरा हँडलखाली घुसवला, आणि वर कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळली.

"अरे, हलतेय बघ ती," ताई म्हणाल्या.

"तू म्हणजे ना, लहानपणापासून भित्री!"

पहिल्या गतिरोधकावर माझा एक पट्टा तुटला. दुसऱ्यावर सायकल धाडकन खाली आली आणि दोरीला लटकून फरफटत निघाली. मागून येणारा मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला. सायकलीचं चाक पापडासारखं वाकलं, बॅटरी फुटली.

भाऊ खाली उतरले आणि त्यांनी मला लाथ मारली. "भिकार माल!"

ताई दार धरून हळूहळू उतरल्या. आधी त्यांनी त्या वाकड्या चाकावर हात ठेवला. मग भावाकडे वळल्या.

"त्याला कशाला मारतोस? त्याने अंगावर लिहून ठेवलं होतं, ते तू खरवडलंस. मी तोंडाने सांगत होते, मला खुर्चीवर बसवलंस. माझा गुडघा दुखतो रे, डोकं नाही!"

तळ्याकाठी मैत्रिणी वाट बघत होत्या. ताईंनी फोन लावला आणि "आज नाही गं जमत" एवढंच म्हणाल्या.

सायकल दुरुस्त व्हायला दीड महिना लागला. मग ताई स्वतः सायकल घेऊन दुकानात गेल्या. ती त्या 'खाटेवर' चढवली, गदागदा हलवून पाहिली आणि तोच रॅक घेतला. आता ताई तळ्याकाठी जातात, आणि गाडीमागे खाट मिरवते!

मला नवा पट्टा मिळाला. भाऊंची स्वतःची सायकल अकरा किलोची, आडव्या दांडीची. ती मी आजही नेतो, कधी कुरकुर केली नाही.

मित्रांनो, रॅक घ्यायला जाल तेव्हा गाडीची नळी मोजा, सायकलीचं वजन करा, दांडी पाहा. आणि सायकल ज्याची असेल त्याला पुढे उभं करा. आमच्या अंगावर लिहिलेलं वाचा. तेवढंच आम्हाला बोलता येतं.

ताईंनी पांढऱ्या रंगाने माझ्या हातावर ठळक 'सोळा किलो' लिहिलं आहे. भाऊ सायकल चढवायला लागले की त्या शेजारी येऊन उभ्या राहतात.

"वाच."

"सोळा किलो," भाऊ पुटपुटतात.

"मोठ्याने!"

तेवढ्यापुरता माझा राग थोडा निवतो.