दसऱ्याचा नमुना

प्रयोगशाळेचे प्रमुख योगेंद्रभाई यांच्या हिशेबात देव कायम जमेला आणि माणसं खर्चाला. म्हणून दसऱ्याला तिथल्या यंत्राला झेंडूची माळ चढलीच पाहिजे. यंत्राचं काम बसमध्ये भरायच्या हायड्रोजनमधली घाण मोजायचं. अब्जात चार भागांवर गंधक गेला की बसमधली वीज बनवणारी पेटी हळूहळू मरते, इतकं नाजूक प्रकरण. त्या यंत्रापुढे भाईंनी नारळ धरला आणि नमुने तपासणाऱ्या सुवर्णाला म्हणाले, "बेन, दिवो कर." तिनं काडी ओढली. फोटो ग्रुपवर गेला.

सुवर्णाचा जीव मात्र नमुन्यात अडकला होता. तिचे वडील चिंधा पाटील, घरचे नाना, अशीच एक हायड्रोजनची बस चालवत, सुरतेच्या उधन्याहून कामगार भरून आणत. नवरात्रापासून बस पुलावर धापा टाकायची, आणि बसची कंपनी म्हणत होती, ड्रायव्हर झटके देतो, त्यानंच पेटी बिघडवली. म्हणून सकाळीच तिनं पंपावरून बाटला भरून आणला होता. पूजेनंतर आकडा आला. एकोणीस.

"भाई, गॅसच खराब होता. नानांचा दोष नाही."

योगेंद्रभाईंनी आकडा वाचला आणि पेढा तोंडात टाकला. "काडीच्या गुलात गंधक असतो ने?"

"बाटला बंद होता. धूर शिरेल कुठून?"

"मला पटलं. पण बसवाले फोटो बघतील. हायड्रोजनच्या खोलीत पेटती काडी, ती पण तुझ्या हातात. मग गंधक राहील बाजूला, पहिली तू जाशील." हे त्यांनी अशा मायेनं सांगितलं, की लांबून बघणाऱ्याला आशीर्वाद वाटावा. फोटोत नारळवाला हात कोपरापर्यंतच आलाय, चेहरा नाही, हे त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं.

फेरतपासणी ठरली. पण बाटल्यातला गॅस मोजण्यातच संपलेला, टाकीतला बसनं वापरलेला. पंपावर नवा माल आला होता, आणि तो स्वच्छ निघाला. खोटं काहीच नव्हतं. फक्त गॅस स्वच्छ असल्याच्या अहवालावर सुवर्णाची सही हवी होती.

घरी ती म्हणाली, "नाना, मी जुनाच आकडा लिहिते."

"लिखशी, मंग?"

"मग दोघं घरी बसू."

नाना हसले. "बाप बुडना म्हनीसन पोरगीनी बी उडी मारानी का? सही कर."

तिनं सही केली. नानांनी बसची चावी परत दिली, आणि त्यांच्या जागी महेश नावाचा तरणा ड्रायव्हर आला. गंधक पेटीत बसला तो बसलाच. माणूस बदलला म्हणून तो थोडाच उठणार? दिवाळीनंतर बस चढावर उभीच राहिली. महेशही झटके देतो, असं निघालं.

"बेन, नवा नमुनो काढ," योगेंद्रभाई म्हणाले.

तिनं काढला. गॅस स्वच्छ होता. तिनं तसं लिहिलं.