उत्तरपूजा राहिलेली डिस्क

मंगळवारी सकाळी अकरा वाजता रोह्याच्या रक्तपेढीत सोनीसाठी पिशवी तयार होती, आणि तिथले संगणक आणि नोंदी सांभाळणाऱ्या भाग्यश्रीने ती अडवून धरली होती. अडवायला तिच्याकडे कारण एकच होतं: संगणकाच्या पडद्यावरची एक रिकामी चौकट.

सोनी एकवीस वर्षांची, नदीकाठच्या आदिवासी वाडीवरची. तिला सिकलसेल होता. दर दीड-दोन महिन्यांनी रक्त चढवावं लागे. आज ती बाकावर आडवी पडून होती, आणि उशाला तिची आई गिरजाबाई बसली होती.

"टेस्ट क्लीन हाय मॅडम," रक्त तपासणारा साईराज म्हणाला. "गट जुळतोय. पोरीचं हिमोग्लोबिन चारवर आलंय. कशाला थांबायचं?"

"हिच्या नोंदीत लाल अक्षरांत काहीतरी होतं. मी पाहिलंय."

"काय होतं?"

"ते लक्षात राहिलं असतं तर नोंद कशाला ठेवली असती?"

गिरजाबाईने मान वर केली. "मागं एकदा रगत दिलं नि आठ दिसांत पोर पिवळी झाली. डॉक्टर बोलले, असलं रगत हिला परत नाय द्यायचं. कारडावर लिवलं व्हतं. कारड पुरात गेलं."

"असलं म्हणजे कसलं?"

"ते कारडाला ठावं."

हा प्रकार साईराजलाही माहीत होता. परक्या रक्तातल्या एखाद्या घटकावर शरीर एकदा चिडतं, मग काही वर्षांनी विसरल्यासारखं करतं, आणि तपासणीत काही दिसत नाही. तोच घटक पुन्हा आत गेला की सगळं आठवतं. तेव्हा शरीराने लपवलेली गोष्ट फक्त जुन्या नोंदीला माहीत असते. आणि ती चौकट एकट्या सोनीची नव्हे, सगळ्याच रुग्णांची रिकामी होती. तीन आठवड्यांपूर्वी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, तिने ती साफ केली. आवृत्ती भाग्यश्रीनेच चढवली होती.

अशा दिवसासाठीच रक्तपेढीच्या ट्रस्टने तीन वर्षांपूर्वी सभा घेतली होती. भाग्यश्रीने दोन मार्ग मांडले होते. एक, रोह्याच्या युनिक्स सर्व्हरवर जे जे होईल ते तासातासाने पेणच्या शाखेतल्या सर्व्हरवर उतरवायचं. दुसरा, दर शनिवारी पेणलाच एका सुट्या डिस्कवर प्रत काढायची. अध्यक्ष हैबतराव म्हणाले, दोन्ही करा. पहिल्या मार्गाला त्यांनी आरसा असं नाव दिलं आणि त्याची फीत कापली. डिस्कला फीत नव्हती.

आरसा आपलं काम चोख करत होता. रोह्याचा सर्व्हर जळाला असता तर पेणच्या सर्व्हरने त्याच दिवशी कारभार हाती घेतला असता. पण रोह्याचा सर्व्हर जळाला नव्हता, चुकला होता. आणि ती चूक तासाच्या आत पेणला सुखरूप पोचली होती.

राहिली डिस्क. दर शनिवारी पेणच्या सर्व्हरकडून 'प्रत पूर्ण' असा मेल येई. भाग्यश्री मथळा वाचून तो पुसून टाकी. तिने पेणची शाखा सांभाळणाऱ्या मालूला फोन लावला.

"मालूताई, डिस्क सर्व्हरला जोडलेली आहे ना?"

"नाय. ती पाटावर हाय."

"कसल्या पाटावर?"

"दसऱ्याच्या. हैबतराव साहेबांनी स्वतः सगळ्या यंत्रांची पूजा केली. फुलं वाहिली नि फोन आला म्हणून निघाले. बोलले, उत्तरपूजा मी येऊन करतो, तवर हलवू नको. फ्रीज नि मशिनी बंद ठेवता येत नायत, म्हणून त्यांची मीच उरकली. डिस्कवाचून कोणाचं काय अडलं नव्हतं."

"मालूताई, एप्रिल चालू आहे."

"कॅलेंडर माझ्यासमोरच टांगलंय. साहेब आले नाय."

डिस्क ज्या जागी जोडायची, त्या नावाचा एक साधा फोल्डर सर्व्हरवर होताच. सर्व्हर दर शनिवारी प्रत त्या फोल्डरमध्येच, म्हणजे स्वतःच्याच पोटात ठेवत होता, मागच्या शनिवारची पुसून, आणि पूर्ण झाल्याचं कळवत होता. डिस्क आहे का, हे आधी बघ असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम भाग्यश्रीचं होतं.

मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. डिस्क दसऱ्यापासून कोणी हलवलेली नाही. म्हणजे दसऱ्याआधीच्या शनिवारची प्रत तिच्यावर असणार. मालू आणि साहेब दोघंही नियमाने वागले असते, तर तिच्यावरही आज रिकाम्या चौकटीच असत्या.

"मालूताई, ती उचला आणि जोडा."

"उत्तरपूजेशिवाय?"

"इथे पोरगी बाकावर आडवी आहे."

पलीकडे डबा उघडल्याचा आवाज आला. "टाकल्या अक्षता. साहेबांच्या वाटणीचा नमस्कारपण केला. पण ताई, हिच्या तोंडात कुंकू गेलंय."

"फुंकू नका. कोरडा ब्रश आहे?"

"हमरापूरला गणपतीच्या मूर्तींचे डोळे रंगवते मी. मला ब्रश विचारता?"

डिस्क जोडली गेली. रोह्यात बसून भाग्यश्री पेणच्या सर्व्हरवर शिरली. तीन वर्षांत त्या प्रतींमधून एकही नोंद कोणी बाहेर काढून पाहिली नव्हती. प्रत आहे यावरच सगळे खूश होते. तिने चालू नोंदींना हात न लावता वेगळ्या जागी प्रत उलगडायला घेतली. फायलींची नावं पडद्यावरून सरकू लागली, मध्येच थांबली, परत सरकू लागली. साईराज तिच्या मागे उभा होता. तो आता घाई करत नव्हता.

पाऊण तासाने सोनीची नोंद उघडली. लाल अक्षरं जागेवर होती. साल २०१७. किड-ए घटक असलेलं रक्त कधीही देऊ नये.

साईराज आत गेला आणि तयार ठेवलेली पिशवी त्याने त्या घटकासाठी तपासली. परत आला तो खुर्चीवर बसला.

"होता?" भाग्यश्रीने विचारलं.

"व्हय."

चालेल अशी पिशवी पेणच्या फ्रीजमध्ये सापडली. ती गाडीने रोह्याला यायला तीन वाजले. सोनीला रक्त लागलं तेव्हा गिरजाबाईने विचारलं, "हे कसलं हाय?" भाग्यश्रीने नव्या कार्डावर काय चालत नाही ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि तिच्या हातात दिलं.

शुक्रवारी सभा झाली. भाग्यश्रीने एक कागद पुढे ठेवला. तेरा आठवड्यांच्या प्रती, प्रत्येकीवर तारीख. दोन डिस्क आलटूनपालटून, त्यातली एक नेहमी सुटी आणि सर्व्हरपासून लांब, दुसऱ्या इमारतीत. डिस्क नसेल तर सर्व्हरने काम थांबवून बोंब मारायची. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणाही एका रुग्णाची नोंद प्रतीतून बाहेर काढून त्याच्या कार्डाशी ताडून बघायची.

"म्हणजे आरसा बंद?" हैबतरावांनी विचारलं.

"नाही साहेब. सर्व्हर जळाला तर तोच लागेल. पण काल काय होतं, ते आरसा सांगत नाही."

हैबतरावांनी चष्मा काढून पुसला. "उत्तरपूजा माझ्याकडून राहिली. इतिवृत्तात लिहा."

"राहू दे साहेब. लिहिलं तर पुढच्या वर्षी कोणीतरी ती मुद्दाम बाकी ठेवेल."

कागदावर सही करताना हैबतरावांना खालची यादी दिसली. सात नावं होती.

"हे कोण?"

"दसऱ्यानंतर नव्याने आलेले रुग्ण. बाकीच्यांच्या लाल नोंदी डिस्कवरून परत भरल्या. यांच्या असल्या तरी त्या कुठल्याच प्रतीत नाहीत."

त्यांनी यादी दोनदा वाचली. "माझी गाडी घ्या," ते म्हणाले.

यादीत पहिलं नाव गोदूबाईंचं होतं आणि त्या सोनीच्याच वाडीवरच्या होत्या. शनिवारी भाग्यश्री वाडीवर पोचली तेव्हा सोनी दारात बसून केस विंचरत होती. गिरजाबाईने नाव ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"मागल्या घरची गोदू. पण ती आता घरी नाय गावायची, वीटभट्टीवर असंल. चल गो बाय, मी दाखवते."

"तिच्याकडे कार्ड असेल?"

"पूर काय यंदा आला नाय अजून," गिरजाबाई पुढे चालत म्हणाली. "पण उंदीर हायत."

भाग्यश्रीने यादीची घडी घातली आणि तिच्या मागोमाग भट्टीची वाट धरली.