न उघडलेला पतंग

बर्फावरून मला आणि माझ्या स्लेजगाडीला ओढणारा मोठा हिरवा पतंग फाटला यात माझा मेव्हणा स्टाइनार याचा काही दोष नव्हता, पण त्या दिवशी मी तसं कबूल केलं नाही.

आम्ही दोघं खाली उतरवत असताना पतंग थेट माझ्या फावड्यावर पडला. फावडं बर्फात उभं रोवलेलं होतं. अठरा चौरस मीटरचं कापड टरकन फाटलं आणि उरलेलं काम वाऱ्याने केलं. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाहून निघून आम्हाला अठ्ठावीस दिवस झाले होते. उत्तरेला कानाक गाव अजून एकशे नव्वद किलोमीटर लांब होतं आणि स्लेजमध्ये सहा दिवसांचं खाणं होतं.

"फावडं इथे कुणी रोवलं?" मी विचारलं.

"तू," स्टाइनार म्हणाला.

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं. मला वाटलं तुझं काही कारण असेल, ओड्वार. तुझं नेहमी असतं."

माझ्याकडे आणखी दोन पतंग होते, पण लहान, जोरदार वाऱ्यात उडवायचे. हलक्या वाऱ्यात ते ओल्या टॉवेलसारखे पडून राहायचे, आणि आता हलकाच वारा होता. स्लेजवर एक पिवळी पिशवीसुद्धा होती. तिच्यात मोठा पतंग होता, नेमका हलक्या वाऱ्याचा. ती पिशवी मी अजून उघडली नव्हती.

तो पतंग माझ्या बायकोने, गुन्वोरने, शिवला होता. आमच्या घराखाली बोटी ठेवायची शेड आहे, तिथे बसून तिने एकतीस वर्षं मोहिमेवर जाणाऱ्यांसाठी पतंग शिवले. तिचे पतंग दक्षिण ध्रुवापर्यंत स्लेज ओढत गेले, ती मात्र गेली नाही. या वर्षी आपण दोघं ग्रीनलंडला जाऊ असं दर हिवाळ्यात ठरायचं आणि वसंतात कुणाचं तरी घाईचं काम यायचं. मग ती आजारी पडली. तेव्हा तिने एकच पतंग शिवला, माझ्यासाठी. पिशवीत भरून दोरी आवळली आणि म्हणाली, "हलक्या वाऱ्याला उघड. उगाच काढून बघत बसू नकोस." मार्चमध्ये ती गेली. त्याला चौदा महिने झाले होते.

पतंग उडवला की आज ना उद्या फाटतो. तिच्या हातचं, अजून न वापरलेलं, एवढंच माझ्याकडे उरलं होतं. म्हणून मी ते बर्फावरून दोन हजार किलोमीटर ओझ्यासारखं आणलं होतं आणि तसंच परत न्यायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी स्लेज पायी ओढू लागलो. स्टाइनारचा पतंग शाबूत होता. तो अर्ध्या तासात क्षितिजापर्यंत जायचा आणि स्लेजवर बसून माझी वाट बघायचा. मी चार तासांनी पोचायचो, तोवर त्याने माझ्या वाट्याचं तपकिरी चीज संपवलेलं असायचं.

"बसून बसून थंडी वाजते रे," तो म्हणायचा. "खावं लागतं."

"घेऊन टाकायची सवयच आहे तुला."

"पुन्हा जाकीट?"

"मी जाकिटाचं नावही काढलं नाही."

माझं निळं जाकीट. सव्वीस वर्षं घातलं होतं. गुन्वोर गेली त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात ते शेडमधल्या खुंटीवरून नाहीसं झालं. मी तिला विचारलं, तर मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "परवा स्टाइनार आला होता. त्याने नेलं असेल." स्टाइनार नाही म्हणाला. पण गुन्वोर कधी उगाच बोलायची नाही, आणि स्टाइनारने माझी शिडी सहा वर्षं परत केली नव्हती. अठरा महिने मी त्याच्याकडे जाकीट मागत होतो. एकदा तर त्याच्या सासूसमोर, ईस्टरच्या जेवणात.

रोज संध्याकाळी स्टाइनारची बायको बोर्गहिल्ड फोनवर हवामान सांगायची. उपग्रहावरून चालणारा महागडा फोन, पण तिला त्याची पर्वा नव्हती.

"स्टाइनार, मोजे बदललेस?"

"हो."

"खोटं बोलू नकोस. ओड्वारला दे फोन. ओड्वार, ऐक. उद्या आणि परवा आग्नेयेकडून हलका वारा आहे. त्यानंतर आठवडाभर पान हलणार नाही. किती उरलं?"

"दीडशे."

"आणि खाणं?"

"चार दिवस."

"मग पिवळी पिशवी उघड," ती म्हणाली.

"नाही उघडणार. गरज पडली तर हेलिकॉप्टर बोलवू."

"पिशवी उघडायला नको म्हणून हेलिकॉप्टर? स्टाइनार, ऐकतोयस का हा काय म्हणतोय?"

"मी महिनाभर हेच ऐकतोय," स्टाइनार म्हणाला.

सकाळी मी तंबूबाहेर आलो तर स्टाइनार जाकिटावर टाय बांधून उभा होता. हातात स्कीच्या काठीला बांधलेला झेंडा. सतरा मे होती, आमचा राष्ट्रीय दिवस; त्या दिवशी आमच्याकडे गावोगाव नटूनथटून मिरवणूक निघते. मी विसरलो होतो.

"कपडे कर चांगले," तो म्हणाला. "मिरवणूक आहे."

"माझ्याकडे चांगलं असं एकच जाकीट होतं."

त्याने डोळे मिटले आणि दहापर्यंत आकडे मोजले. आम्ही तंबूभोवती तीन फेऱ्या मारल्या. तो पुढे, मी मागे. मग आवराआवर झाली आणि त्याने आपला पतंग बाहेरच काढला नाही. खांद्याला पट्टा लावला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"हे काय?"

"मीही चालतो. एकट्याची मिरवणूक नसते."

"तुझा गुडघा?"

"गुडघाही येईल."

वारा पाठीवर होता, अगदी हवा तसा, आणि आम्ही दोन म्हातारे बैलांसारखे स्लेज ओढत होतो. स्टाइनार मिरवणुकीतली गाणी म्हणत होता. त्याचा आवाज गुन्वोरच्या माहेरच्या सगळ्यांसारखाच आहे, मोठा आणि चुकीच्या पट्टीत. ती शिवताना असंच गायची. दोन किलोमीटरनंतर तो लंगडायला लागला, पण गाणं थांबवेना. प्रत्येक दुसऱ्या पावलाला कडव्याच्या मधेच "आई गं" म्हणायचा आणि पुन्हा सूर धरायचा.

अशा गुडघ्याने तो दीडशे किलोमीटर चालणार नव्हता, आणि मला सोडून पुढेही जाणार नव्हता. मी थांबलो. पिवळ्या पिशवीची गाठ सुटेना, दातांनी ओढली.

"काय करतोयस?" तो म्हणाला.

"तुझं गाणं ऐकवत नाही."

आम्ही पतंग बर्फावर पसरला. लाल, पांढरा, पुन्हा लाल. मधोमध एक निळा पट्टा. त्या निळ्या पट्ट्याला खिसा होता. मी वाकून पाहिलं. खिशाची चेन डाव्या बाजूला होती आणि चेनच्या टोकाला मी बांधलेला बुटाच्या नाडीचा तुकडा.

स्टाइनारने गॉगल काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे माझं जाकीट आहे," मी म्हणालो.

"अस्सं!"

"स्टाइनार..."

"अठरा महिने! माझ्या सासूसमोर!"

"तिनेच सांगितलं, तू नेलंस म्हणून."

"कुणी? गुन्वोरने? माझ्या सख्ख्या बहिणीने?"

"शिवता शिवता."

"म्हणजे तेव्हा ती हेच शिवत होती!"

मला आधी हसू आलं की त्याला, ते आठवत नाही. आम्ही बर्फावर बसूनच राहिलो. त्याचा गॉगल आणि माझे डोळे, दोन्ही ओले होऊन त्या वेळी उपयोगाचे राहिले नव्हते.

"कापड संपलं असेल बिचारीचं," तो शेवटी म्हणाला.

"शेडमध्ये चार गठ्ठे पडून आहेत अजून."

हलक्या वाऱ्याच्या पतंगात असलं जड सुती कापड कुणी शिकाऊने घातलं असतं, तर गुन्वोरने त्याला शेडबाहेर काढलं असतं. मी खिशाची चेन उघडली. आत काही नव्हतं. धुण्याआधी ती माझे खिसे नेहमी रिकामे करायची.

कण्णीचे दोर तपासले. स्टाइनारने कड उचलून धरली आणि सोडली. पतंग शांतपणे वर गेला, भरला, आणि मी तयार नसताना त्याने मला तोंडावर पाडून चाळीस मीटर पोटावर ओढत नेलं. मागून माझी स्लेज आली आणि माझ्या पायावर आदळली. त्यामागून स्टाइनार ओरडत होता, "तुझंच जाकीट आहे, तूच आवर!"

मग मी उभा राहिलो आणि जमलं. त्या दिवशी आम्ही ब्याण्णव किलोमीटर गेलो. वर, पंचवीस मीटर पुढे, माझं जाकीट माझ्याशिवाय चाललं होतं आणि मी त्याच्यामागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते फाटलं. निळ्या पट्ट्याच्या कडेला, जिथे जाकिटाची काख होती तिथे. ती काख आधीपासूनच उसवलेली होती. गुन्वोरला मी तीनदा सांगितलं होतं, आणि ती तीनदा हो म्हणाली होती.

स्टाइनार माझ्याकडे बघत राहिला. मी काय करेन याची त्याला भीती वाटली असावी. मलाही वाटत होती. पण मला पहिली आठवण आली ती तिच्या त्या तीन 'हो'ची, आणि मी म्हणालो, "सुई दे."

बोटं गारठलेली होती. तिचे टाके मुंगीच्या पावलांएवढे होते. शेजारी मी घातलेले टाके कुंपणासारखे दिसत होते. तासाभराने पतंग पुन्हा वर गेला. टाके धरून राहिले. संध्याकाळी समुद्र दिसला.

शेवटचा फोन स्टाइनारनेच लावला. "बोर्गहिल्ड, जाकीट सापडलं. आणि तुझ्या आईला बोलावून ठेव, ओड्वारला तिच्यासमोर काहीतरी सांगायचंय."

"सांगतो," मी म्हणालो. "पण शिडी परत आल्यावर."

कानाकला विमानाची दोन दिवस वाट बघायची होती. मी पतंग धक्क्याजवळच्या दगडांवर वाळत घातला. मासे सुकवायला आलेली एक बाई थांबली आणि बराच वेळ बघत राहिली.

"पतंगाला खिसा कशाला?" तिने विचारलं.

"माझं जाकीट होतं. बायकोने त्याचा पतंग केला."

तिने वाकून शिवणीवरून बोट फिरवलं. काखेपाशी बोट थांबलं.

"हेही तिनेच?"

"नाही. ते मी."

"दिसतंय," ती म्हणाली, आणि पतंग उडू नये म्हणून पायाजवळचा एक मोठा दगड त्याच्या कोपऱ्यावर ठेवून गेली.